शुक्रवारची हरकत

शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९६८

मेलं! पाच महिने राबून उभं केलेलं माझं विधेयक एका शब्दाने मेलं.

चार वाजले. संसदेच्या कारकुनाने विधेयकाचं नाव वाचलं – कापूस गिरण्यांतले कामगार, धुळीचा दमा, भरपाई. मी उभी राहिले. आणि आवाज आला : "हरकत!" समोरच्यांचा नाही. आमच्याच बाकांवरून! संपलं. शुक्रवारी चारच्या ठोक्यानंतर चर्चा नाही, मतदान नाही. सगळे गप्प राहिले तर मंजूर; एकाने तोंड उघडलं की त्या दिवसापुरतं खलास, पुढच्या शुक्रवारी पुन्हा रांगेत. कारणसुद्धा द्यावं लागत नाही.

लेस्ली प्राउट. आमच्या सरकारचा प्रतोद. पाय पसरून बसला होता. शब्द थुंकला आणि नखं बघत बसला.

इद्रिसने माझा कोपर धरला. "बस, एनिड. इथे नको." नाहीतर हातातली फाईल त्या टकलावर घातलीच असती. इद्रिस प्रॉसर वेल्सचा, खाणवाल्यांचा खासदार. नऊ वर्षं शेजारी बसतो. या सभागृहात माझ्याशी माझ्या हॅटखेरीज दुसरं काही बोलणारा एकच पुरुष.

शनिवार, १० फेब्रुवारी – हॉलिन्डेन

सकाळी माझ्या मतदारसंघात, युनियनच्या खोलीत लोकांच्या भेटी. अकरा जण आले. त्यातल्या सात जणांना जिना चढून आल्यावर बोलता येईना. मी काय सांगायचं? "पुढच्या शुक्रवारी बघू"?

दुपारी थोरल्या बहिणीकडे, बेसीकडे. खाली बैठकीच्या खोलीतच खाट टाकली आहे तिची, माडी आता जमत नाही. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, दिसते तीस वर्षांनी. आम्ही कांदा घातलेलं आतड्याचं कालवण खाल्लं. म्हणजे मी खाल्लं. ती चार घास खाते आणि दम घेते.

"पेपरात आलं नाही ते," ती म्हणाली.

"काय?"

"तुझं विधेयक."

"पडलं."

"कोणी पाडलं?"

"आमच्याच माणसाने."

"मग बरोबर. परक्याला कुठे ठाऊक असतं, कुठे दुखतं ते!"

सतरा वर्षं कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या यंत्रांवर होती ती. भरपाईला कायदा म्हणतो, वीस हवीत; माझं विधेयक म्हणतं, दहा. तीन का कमी? तर सतराव्या वर्षी खोकला थांबेना म्हणून मुकादमाने घरी बसवली! रोगाने नोकरी खाल्ली, आणि आता रोगाची भरपाई मागायला वर्षं कमी! हे ज्याने लिहिलं त्याला एक सोमवार त्या खात्यात उभा करायला हवा. रविवारच्या सुट्टीनंतर छाती कशी आवळते ते बघ म्हणावं.

आणि ती सतरा वर्षं कोणासाठी? मी हायस्कूलात जावं म्हणून. माझ्या वर्गातल्या मुली विचारायच्या, तुझ्या बहिणीचे केस असे पांढरे का गं? कापूस होता तो. ती धूळ खात होती म्हणून मी आज खासदार आहे. आणि काय मिळवलं मी? "हरकत."

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्राउटला सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात गाठलं.

"एनिडबाई, मनावर घेऊ नका. तिजोरीवाल्यांना नको आहे. मी काय, निरोप्या."

"निरोप्याला तोंड असतं ना? नाही म्हणायचं."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी त्यातले निम्मे मातीखाली असतील!"

मग हसला, आणि आवाज लोण्यासारखा केला. मे महिन्यात स्ट्रासबर्गला शिष्टमंडळ जातंय म्हणे. हवा छान असते. माझं नाव घालू का?

हवा! मला हवा देतोय मेला!

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पुन्हा. तोच. या वेळी नखंसुद्धा बघितली नाहीत.

बुधवार, २१ फेब्रुवारी

नऊ वर्षं झाली इथे. आधी बावीस वर्षं विणकरांच्या युनियनमध्ये कारकुनी. वर्गणीच्या पावत्या फाडल्या, सभा लावल्या, प्रत्येक निवडणुकीत दुसऱ्यांसाठी दारोदार हिंडले. तिकीट मला दिलं तेही का? दोन बडे पुरुष भांडत बसले म्हणून. आल्या दिवसापासून पेपरात काय – हॉलिन्डेनची ठसकेबाज बाई, तिचा उच्चार, तिची हॅट! सांगितलं तिकडे मत दिलं. रात्री-बेरात्री मतदानाची घंटा वाजली की धावले. एकदाही पक्षाच्या विरुद्ध गेले नाही. भली बाई. गरीब गाय!

आज वाचनालयात नियमांचं पुस्तक काढून बसले. तीनदा वाचलं. हरकत घ्यायला प्रतोद असावं लागत नाही. कुणीही चालतं.

कुणीही.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

इद्रिसला सांगितलं. चहाच्या खोलीत, समोर बनचा तुकडा. उद्या यादीत सात विधेयकं आहेत. सातही मी पाडणार. त्यातली तीन सरकारच्या लाडक्यांची आहेत. माझं सोडा, तुमची सोडते – एवढाच सौदा.

त्याचा चेहरा उतरला. "सहावं माझं आहे, एनिड."

ठाऊक होतं मला. बंद पडलेल्या खाणींत उतरायच्या, उघड्या राहिलेल्या विहिरींवर झाकण आणि कुंपण. गेल्या वर्षी त्याच्या गावात दोन सख्ख्या बहिणी फुलं तोडताना एकीत पडल्या. दोन दिवसांनी काढल्या वर. इद्रिस दोरापाशी उभा होता.

"माझं तेवढं सोड. कोणी आडवं येणार नाही त्याला. प्राउटही नाही. उद्या होऊन जाईल ते."

"एक सोडलं की प्राउट म्हणणार, बाई नाटक करते."

"म्हणू दे की!"

"नाही जमणार."

"तुझ्या लोकांचा जीव तो जीव, आणि माझ्या?"

मी बनचा तुकडा चावत राहिले. तो उठून गेला. जाऊ दे! मला कोणी सोडलं होतं?

शुक्रवार, १ मार्च

केलं.

सात वेळा. सातही वेळा बसल्या जागेवरून, स्पष्ट, गिरणीतल्या आवाजात – यंत्रांच्या वर ऐकू जावा असा. पहिल्याला लोक हसले. तिसऱ्याला प्राउटने मान वळवली. पाचव्याला कोणी हसत नव्हतं.

सहावं वाचलं. आज वेल्शांचा सण, इद्रिसच्या कोटाला पिवळं डॅफोडिल होतं. माझ्याकडे बघत नव्हता. समोर बघत होता, कारकुनाच्या टेबलाकडे. मी एक श्वास घेतला. तेवढ्यात वाटलं, नको.

"हरकत!"

वाटेपर्यंत तोंडातून गेलंही. सवय किती लवकर लागते!

इद्रिस उठला, सभापतींना मान लववली आणि बाहेर गेला. जाताना माझ्या गुडघ्याला त्याचा कोट घासला.

रविवार, ३ मार्च – हॉलिन्डेन

पेपरात फोटो. "हरकतबाई"! स्टेशनवर दोघांनी पाठ थोपटली. एक म्हणाला, "हाणा त्यांना, बाई!" खोटं कशाला लिहू, छाती फुगली.

बेसीने पेपर मांडीवरच ठेवला होता. मी कोट काढायच्या आत सुरू.

"ह्या विहिरींचं काय हे?"

"सगळीच पाडावी लागली."

"त्या पोरींच्या आईने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"बेसी, मी हे तुझ्यासाठी –"

"माझ्यासाठी?" ती उठून उभी राहिली. खाटेचा दांडा धरून. "माझ्यासाठी म्हणू नकोस! मी मागितलं?" पुढचं वाक्य यायला कितीतरी वेळ लागला. मी खुर्ची पुढे केली, तिने ढकलली. "मी धूळ खाल्ली... ती तू माणसात बसावीस म्हणून. त्या टकल्यासारखी व्हावीस म्हणून नाही."

असं कधी बोलली नव्हती मला. आईच्या जागी आहे ती. मीही गप्प बसले नाही. म्हणाले, तू मर मग अशीच, भली म्हणून! आणि दार आपटून निघाले. आगगाडीत माझ्याकडचा पेपर फोटोसकट फाडून टाकला. रागाने. रागानेच.

शुक्रवार, ८ मार्च

नऊ विधेयकं. नऊ वेळा. इद्रिस आता पलीकडच्या बाकावर बसतो.

शुक्रवार, १५ मार्च

अकरा. प्राउटच्या कपाळावर घाम. बघून बरं वाटलं!

मंगळवार, १९ मार्च

मंत्र्यांनी बोलावलं. प्राउट दाराशी उभा, शाळेतल्या शिपायासारखा. मंत्री म्हणाले, विधेयकाची गरजच नाही, नियमात दुरुस्ती करून टाकू. विसाऐवजी दहा वर्षं. मे महिन्यापासून.

नियमात दुरुस्ती! म्हणजे कलमाच्या एका फटकाऱ्याचं काम होतं हे. पहिल्या दिवसापासून! त्यासाठी दीड महिना मला रक्त आटवायला लावलं? आभार मानले नाहीत मी. लेखी मागितलं. दिलं.

बाहेर आल्यावर प्राउटला म्हणाले, "आता प्रॉसरचं विधेयकही होऊन जाऊ दे."

"ते आम्ही नाही पाडलं, बाई." गोड हसला. "आता यादीत तळाला गेलं. जुलैच्या पहिल्या शुक्रवारी बघा. या अधिवेशनातली शेवटची संधी."

शनिवार, ११ मे – हॉलिन्डेन

सात जणांचे अर्ज भरले, आठवा बेसीचा. डॉक्टरांच्या मंडळाने तिला तपासलं, एका फेरीतच मान्य. युनियनच्या खोलीत लोकांनी टाळ्या वाजवल्या, काळे वाटाणे आणि व्हिनेगर आलं, कुणी बिअर आणली. एका म्हातारीने माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता.

बेसी मार्चपासून माझ्याशी हवापाण्याचंच बोलत होती. आज घरी आल्यावर म्हणाली, "कागद आला. बरं झालं." मग, "त्या माणसाकडे गेलीस?"

"कोणत्या?"

"उगीच वेड पांघरू नकोस, पोरी."

मंगळवार, १४ मे

गेले. इद्रिसच्या खोलीत एकच खुर्ची होती, ती त्याने दिली नाही. उभ्याने बोलले. चुकलं, म्हणाले. त्या दिवशी तुझं सोडायला हवं होतं.

"तुझ्या लोकांना मिळालं ना?" त्याने विचारलं.

"मिळालं."

"किती जण?"

"आमच्या गावात आठ. सगळ्या गिरण्या धरल्या तर हजारो."

"मग तू बरोबरच केलंस म्हणायचं. हाच तर राग आहे मला. तुझ्यावर धड रागावताही येत नाही." मग कागद सरळ करत म्हणाला, "माफी नको. पाच जुलैला तोंड बंद ठेव. आणि दुसऱ्यांचीही बंद राहतील असं बघ. तेवढं कर."

गुरुवार, ४ जुलै

तीन आठवडे हेच केलं. विरोधी बाकांवरच्या एकेकाला गाठलं. प्राउटकडून शब्द घेतला, तोही दोन माणसांसमोर. कुणाचीच हरकत नाही. खाणीच्या विहिरीवर झाकण घालायला कोण आडवं येईल? इद्रिसने त्या दोन पोरींच्या आईला आणलंय, उद्या प्रेक्षकांच्या सज्जात बसेल. आज दुपारी तो माझ्या टेबलाशी आला, आपला बन अर्धा केला आणि माझ्या बशीत ठेवला.

शुक्रवार, ५ जुलै

चार वाजले. इद्रिसचं वाचलं. मी ओठ दाताखाली धरून बसले होते.

"हरकत!"

पलीकडच्या कोपऱ्यातून. जूनच्या पोटनिवडणुकीत आलेला नवखा. नावही धड ठाऊक नाही मला. त्याच्या गावातला बंदराचा धक्का दुरुस्त होत नाही म्हणून सगळीच पाडणार म्हणे. वर सज्जात बाई अजून हसऱ्या तोंडाने बसली होती. तिला कळलंच नव्हतं. इद्रिस जिना चढून तिला सांगायला गेला.

मी त्या पोरावर धावून गेले. त्याने उठून अदबीने मला जागा करून दिली. "तुमच्याकडूनच शिकलो, बाई."