नवव्या दिवशी फुगणारी बाटली

मुरुम, ता. ४ मार्च २०२५

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

इकडं आम्ही खुशाल. फोनवर बोलले की आमचे हे, म्हणजे तुझे मामा, स्पीकर लावून मधेच आपलं चालू करतात, म्हणून बाटलीसोबत चिठ्ठी धाडते. वेलदोडा-बडीशेपेचा पाक केलाय. चहात घाल नाहीतर थंड कॉफीत, लई बेस लागतो. उमरग्याजवळ हायवेला वीरप्पा चहा-कॉफीचं दुकान उघडणार आहेत, एप्रिलअखेर बसव जयंतीला. महिन्याला शंभर बाटल्या घेतो म्हणाले. पण पाक महिनाभर टिकतो असं जाणत्या माणसाकडून लिहून आणा म्हणाले. मी लगेच तुझं नाव सांगितलं, पुण्यात खाण्याचे पदार्थ तपासते म्हणून. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात पाक केला गं, बाटलीवर माझं नाव पहिल्यांदाच लागेल. मामा म्हणतात, भाचीच ती, डोळे झाकून पास करेल. तसं करू नको. वेळेवर जेवत जा.

माया आहे ती कमी होऊ देऊ नको.
तुझी जगदेवी आत्या

पुणे, ता. १६ मार्च २०२५

ती. आत्यास अर्पिताचा शि. सा. नमस्कार.

बाटली ६ तारखेला मिळाली. नवव्या दिवशी झाकण फुगलं. उघडल्यावर फेस आला. पाक आंबला आहे. मामांना सांगावे, पास केलेला नाही.

साखर पासष्ट टक्के हवी, ती बासष्ट भरली. पाक किती वेळ उकळला? बाटल्या कशा वाळवल्या? त्याच पातेल्यातल्या तुमच्याकडच्या बाटल्यांचं काय झालं? आठवून, क्रमाने लिहावे. दुसरी बाटलीही पाठवावी.

लोभ आहेच, तो राहावा.
तुमची अर्पिता

मुरुम, ता. २० मार्च २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे पोलीस पाटलाचा पंचनामा! माझ्या फळीवरच्या अकरा बाटल्या जशाच्या तशा आहेत. त्यातली एक सगळ्यांसमोर उघडली, मामा तीन कप प्याले. ते म्हणतात, एसटीत तापली असेल. शेजारच्या इरम्माला विचारलं तर म्हणाली, पुण्याची हवाच वाईट, पोरीही तिकडं जाऊन वाळतात. पाक चांगला उकळला, बाटल्या उन्हात पालथ्या घातल्या, गार झाल्यावर भरल्या. काही चुकलं न्हाई. दुसरी बाटली सोबत आहे. वीरप्पा रोज विचारतात, मी तोंड चुकवते.

अशीच आपली म्हणत राहा.
आत्या

पुणे, ता. १ एप्रिल २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

दुसरी बाटलीही नवव्या दिवशी फुगली, साखर पुन्हा बासष्ट. मात्र मध्ये एक गोष्ट केली, ती तुम्हाला सांगितली नव्हती. नंदीश परीक्षेला पुण्याला येणार होता. त्याला तुमच्या फळीवरची एक बाटली न विचारता आणायला सांगितलं. तुमच्या मुलावर रागावू नये. ती २९ तारखेला आली, एसटीनेच. साखर पासष्ट. अजून ठीक आहे.

म्हणजे दोष एसटीचा नाही, पुण्याच्या हवेचाही नाही. फक्त मला पाठवायच्या बाटलीत, पाक गार झाल्यावर, साधारण दोन चहाचे चमचे न उकळलेलं पाणी जातं. ते कुठून येतं, हे मला कळत नाही. कळवावे.

लोभ राहावा.
तुमची अर्पिता

मुरुम, ता. ६ एप्रिल २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

चमचेसुद्धा मोजलेस गं. दोनच होते.

ते पूजेचं तीर्थ. रोज सकाळी पूजा झाली की घरात सगळ्यांना देते. तू एकटी राहतेस तिकडं. दिवाळीला आलीस तेव्हा तीर्थाला हात पुढं केला न्हाईस, आत्ता नको म्हणालीस. म्हटलं, पाकातून तरी पोटात जाईल. तू क्रमानं लिही म्हणालीस, पण ते काय पाकाचं काम आहे, असं वाटून लिहिलं न्हाई. विक्रीच्या बाटल्यांत थेंबसुद्धा घातला न्हाई. मामा पोट धरून हसले, मला मात्र रडू आलं. माझ्याच हातानं माझा पाक नापास केला. आता तू लिहून देणार का, ते सांग. नसेल तर वीरप्पांना न्हाई म्हणून कळवते.

रागावू नको.
आत्या

पुणे, ता. २८ एप्रिल २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तीस दिवस पुरे होण्याआधी लिहिता येत नव्हतं.

नंदीशने आणलेली बाटली आज इथं तीस दिवसांची झाली. झाकण सपाट, साखर पासष्ट, वास जसाच्या तसा. दाखला सोबत जोडला आहे, पाकीट आज रात्रीच्याच एसटीने पाठवते. बाटलीवर लावायचं नाव 'जगदेवी' असं लिहिलं आहे, वेगळं हवं असल्यास कळवावे. वीरप्पांना दाखला बसव जयंतीपूर्वी पोचवावा. अट एकच: विक्रीच्या पाकात उकळल्यानंतर काहीही घालू नये.

माझ्यासाठी शंभर मिलीची वेगळी बाटली पाठवत जावी. तिच्यात जे घालत होता, ते घालावे. आठ दिवसांत संपवते.

मामांना नमस्कार. लोभ आहे, तो मोजलेला नाही.
तुमची अर्पिता