पासवर्ड नंतर कळवू

४ सप्टेंबर
उघडलं! पाळणाघराच्या बाईंनी पालकांना कॅमेऱ्याची लिंक पाठवून महिना झाला – ‘पासवर्ड नंतर कळवू.’ आज ऑफिसातल्या आयटीवाल्याने कॅमेऱ्याच्या कंपनीचा मूळचाच पासवर्ड टाकला आणि माझी मुलगी समोर! चटईवर उताणी, एक मोजा गायब. आवाजसुद्धा येतो. डोळे भरून आले. मग लक्षात आलं – मला दिसते म्हणजे कोणालाही दिसत असणार.

५ सप्टेंबर
बाईंना सांगितलं. वाटलं, आभार मानतील. कसले आभार! ‘तुम्ही आत शिरलातच कशा?’ अहो, दार सताड उघडं टाकलंत तुम्ही आणि चोर मी? वर धमकी – ‘विश्वास नसेल तर दुसरीकडे ठेवा मुलीला.’ दुसरीकडे कुठे? जवळपास हे एकच पाळणाघर. ते सुटलं की माझी नोकरी सुटली. अंगाचा नुसता तिळपापड झाला!

मुलगी दारात आली. राग गिळून म्हटलं, ‘चला पिपाणी!’ सांभाळणाऱ्या मावशी हसल्या, ‘एवढं गोड नाव ठेवलंय आणि पिपाणी काय हो?’ काय करणार, रडायला लागली की तसाच आवाज निघतो तिचा.

६ सप्टेंबर
नवरा म्हणतो, ‘पण तू डोकावलीस ना?’ आई आहे मी तिची! ‘बाकीची मुलंही दिसली असतील की.’ दिसली. एकाचे कपडे बदलत होते. मी नजर वळवली, पण हे त्याला कशाला सांगू?

१० सप्टेंबर
पासवर्ड अजून तोच. पाहिलं मी. पाहायचं नाही, तर कळणार कसं?

११ सप्टेंबर
पुन्हा बाईंना गाठलं. ‘बदलायचाय हो, पण नवा माझ्याच लक्षात राहायचा नाही!’ वीस मुलांचे हट्ट लक्षात राहतात आणि चार अक्षरं राहत नाहीत! उद्या सगळ्या पालकांना फोन करणार. बाईंना मुलीला काढायचं तर काढू देत.

माझ्या बाजूने बोलणारा एकटा आयटीवाला. ‘ज्यांना कुलूप लावता येत नाही त्यांनी ओरडू नये, ताई.’ अगदी माझ्या मनातलं बोलला! एक तरी शहाणा माणूस आहे म्हणायचा.

१२ सप्टेंबर
जेवणाच्या सुट्टीत आयटीवाला टेबलाशी आला. ‘काल पिपाणी दुपारची झोपलीच नाही ना?’

ऑफिसात मी तिला कधीच पिपाणी म्हटलेलं नाही.