लांब बाही

बोर्ली पंचतन, १९३६

प्रिय वहाब,

सलाम. दारेसलामच्या दुकानाची बरकत कळली. नव्या टोपीतला फोटोही पोचला. टोपी छान आहे, खाली डोकं असतं तर आणखी शोभली असती.

मागच्या पत्रात तू हुकूम सोडलास, माझ्या लेकीच्या, हुस्नबानूच्या हाताला डॉक्टरची सुरी लावू नका, लांब बाहीचा झंपर शिवा, म्हणजे वाकडेपण दिसणार नाही. वा रे बापा! एवढी अक्कल होती तर इथेच शिंपी व्हायचं होतंस.

हात वाकडा कशाने झाला ते विसरलास, म्हणून सांगते. पोर नऊ वर्षांची, ओट्यावरून पडली, उजवं मनगट मोडलं. श्रीवर्धनच्या डॉक्टराने हाड बसवून फळ्या बांधल्या आणि बजावलं, मी सांगेपर्यंत सोडायच्या नाहीत. त्याच आठवड्यात मंगनी. तुझा भागीदार करमअली, त्याच्या मुलाशी. त्यांच्या घरच्या बायका चुड्या चढवायला येणार, आणि नवरीच्या हाताला फळ्या? तुझी इज्जत चालली होती ना! तू स्वतः पट्टी कापलीस. तेव्हा बरी चालली सुरी. सुजलेल्या हाताला साबण लावून त्यांनी चुड्या कोंबल्या. पोर बेशुद्ध पडली, आणि तू पाहुण्यांकडे बघून हसलास, म्हणालास, “लाजली.”

मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीची जागा असते म्हणे. तिच्या अंगठ्याकडच्या हाडाची ती जागाच मेली, करंगळीकडचं वाढतच राहिलं, आणि पंजा एका अंगाला झुकत गेला. करमअलीच्या बायकोने तो पाहिला न् मंगनी मोडली. बला टळली. मग तुझं ते लांब बाहीचं पत्र आलं, ते मी चुलीत घातलं आणि पोरीला मुंबईच्या आगबोटीत. तिथल्या सर्जनने विचारलं, परवानगी द्यायला बाप आहे का? मी म्हटलं, “आहे, पण उपयोगाचा नाही.” त्याने हाड कापून हात सरळ केला. थोडा आखूड राहील, पण कामाचा झाला.

आता तू लिहितोस, दुसरं स्थळ बघितलंय, ईदनंतर सोन्याच्या बांगड्या घेऊन येतो. ये, पण त्या तूच भर. पोर शाळेत जाते, आणि जाणार.

तुझ्या पत्राला मी उत्तरही दिलं नसतं. पण मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मग हे अक्षर कुणाचं? तिचंच, त्याच हाताचं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. ‘लाजली’ लिहिताना तेवढी थांबली.

नाइलाजाने का होईना, तुझीच बहीण,
कुबरा