तेलाच्या गाण्याचा शेवट

माय, तुझे तेलाचे गाणे परत आले आहे. या खेपेस ते तेलाचे नसून शाम्पूचे आहे, आणि कोणी एक अदृश्य तरुणी ते इतक्या मंद, निःश्वासबहुल स्वरात गाते की तिला श्वसनमार्गाचा काही विकार असावा अशी शंका यावी. पडद्यावर एक सुकेशिनी मान झटकते, तिचा केशसंभार गुरुत्वाकर्षणाचा यथेच्छ अवमान करीत आकाशात विहरतो, आणि समोर खुर्चीत मी बसलेला असतो, ज्याच्या मस्तकावर आता केवळ पुरातत्त्वीय महत्त्वाचे अवशेष उरले आहेत. त्या गाण्याचे शब्द मी इथे लिहिणार नाही. लिहिले की ते कानात वाजू लागते, आणि वाजू लागले की मी हातातले काम टाकून वाट पाहत बसतो. कशाची, ते तुला ठाऊक आहे.

एवढे वाचून तू म्हणाली असतीस, "मराठीत लिव ना रे, बापा." मी संस्कृतचा मास्तर झाल्यापासून तू मला पंडित म्हणू लागलीस, आणि ते बिरुद मासोळीचे खवले काढता काढता, माझ्याकडे न पाहता बहाल करायचीस. "पंडित, तुह्या एवढ्या मोठ्या शब्दात एखादी मासोळी तरी गुतते का?" नाही गुतली, माय. आजतागायत एकही नाही. परंतु जाळे टाकायची सवय घराण्यातली आहे. बाबा तलावात टाकायचे, मी फळ्यावर टाकतो.

हे गाणे तुझ्याकडे कसे आले, हा माझ्या मते संशोधनाचा विषय आहे. आपल्याकडे टीव्ही नव्हता. अड्याळच्या शेठच्या घरी होता, आणि तू मासोळीची टोपली घेऊन विकायला त्यांच्या दारात उभी राहायचीस. शेठाणी मालिकेत गुंग असायच्या. तू हाक दिलीस की आतून उत्तर यायचे, "थांब वं बाई, अॅडवटाईज लागू दे." जाहिरात लागली की त्या उठायच्या, भांडे शोधायच्या, झिंगे निवडून घ्यायच्या, घासाघीस करायच्या, आणि जाहिराती संपून मालिका सुरू होताच तुझ्या तोंडावर दार लोटून परत आपल्या जागी. त्यामुळे समस्त दूरदर्शनविश्वातून तुझ्या वाट्याला फक्त जाहिराती आल्या. कथा दाराच्या आत राहिली. तू घरी येऊन आम्हाला सांगायचीस, "टीव्हीत कायच नसते रे. नुसत्या बाया केस धुवून राह्यल्या असतात."

पण ते एक गाणे तू सोबत आणलेस. जुन्या कुठल्याशा सिनेमातले, एका काळी साऱ्या देशाच्या ओठावर असलेले. तेलाच्या कंपनीने त्याचा मुखडा उचलला होता. मुखड्याच्या शेवटच्या शब्दावर नायिका वेणीचा शेपटा पाठीवर टाकायची आणि कुठूनशी एक घंटी वाजायची, टण्. बस्. तुझ्या लेखी गाणे तिथे संपत होते, कारण तिथे शेठाणी दार लोटायच्या.

बाजार नसलेल्या दिवशी तू माझ्या बहिणीला, धाकटीला, ओट्यावर उन्हात पुढ्यात घेऊन बसायचीस. समोर तलाव, बाजूला खोबरेल तेलाची कटोरी, हातात लाकडी फणी. आधी स्वतःचे हात राखेने, मग लिंबाच्या सालीने घासायचीस, कारण शाळेत पोरी धाकटीला मासोळीच्या वासावरून चिडवायच्या. मग तेल, मग गाणे. धाकटी बोंबलते आहे, "माय, ओढू नोको ना वं!" आणि तू गातच आहेस. गाणे त्या शेवटच्या शब्दावर येते, तुझी फणी वर जाते, आणि कटोरीच्या काठावर पडते, टण्. वेणी पूर्ण. त्या आवाजाखेरीज धाकटी जागची उठत नसे. मीही, दारात पुस्तक धरून अभ्यासाचे नाट्य करीत, त्या आवाजानंतरच पान उलटत असे.

आसगावच्या लग्नातला तुझा पराक्रम नातेवाईक अद्याप सांगतात. ऑर्केस्ट्रावाल्याने तेच गाणे धरले. तू प्रसन्न झालीस, मुखड्याअखेर पाण्याच्या गिलासावर बांगडी वाजवलीस आणि पंगतीकडे जायला उठलीस. तो मात्र थांबेना. त्याने अंतरा घेतला. तू कमरेवर हात ठेवून सरळ मंचापाशी गेलीस. "काहून रे बाबू, गाणं त संपलं. पुढं कायले वाढवून राह्यला?"

तो गोंधळला. "मावशी, गाणं असंच आहे. पिक्चरमधलं."

"पिक्चरचं कुठचं? तेलाचं हाय ते. मी रोज आयकतो."

मंडपभर हशा पिकला. परतताना मी तुला सप्रमाण समजावले: मूळ चित्रपट, त्याचे संगीत, जाहिरात ही उत्तरकालीन प्रक्षिप्त कृती. तू सगळे ऐकून घेतलेस. मग म्हणालीस, "असंन. पण जिथं दार लागलं तिथं आपलं गाणं संपलं. पुढचं त्याइच्या घरचं." यावर कोणत्याही भाष्यकाराला उत्तर सापडलेले नाही. मी शोधले आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिकडे यावे लागेल. भंडाऱ्याच्या दवाखान्यात, शेवटच्या दुपारी, तू धाकटीकडून फणी मागून घेतलीस. केस विंचरायचे बळ तुझ्यात नव्हते. तू ती नुसती धरून ठेवलीस. उशाशी स्टुलावर स्टीलची कटोरी होती, पेजेची, रिकामी. तू गुणगुणू लागलीस, इतके हळू की आम्ही दोघे दोन बाजूंनी वाकलो. गाणे शेवटच्या शब्दापर्यंत आले. फणी वर गेली. आणि तिथेच राहिली. तू छताकडे पाहत होतीस; आम्ही फणीकडे. मग हात हळूहळू पांघरुणावर उतरला, आणि त्यानंतर तू काही गायली नाहीस, काही बोलली नाहीस. आवाज झालाच नाही, माय. धाकटी कितीतरी वेळ तशीच वाकून होती, जशी वेणी पूर्ण व्हायची वाट पाहायची तशी.

दहाव्याला पवनीच्या घाटावर माझे क्षौरकर्म चालू असताना समोरच्या चहाच्या टपरीतल्या टीव्हीवर तीच जाहिरात लागली. दैवाच्या विनोदबुद्धीबद्दल माझे मत तेव्हापासून फारसे चांगले नाही. माझे केस वैनगंगेच्या काठावर पडत आहेत आणि पलीकडे काळेभोर, घनदाट केसांचे आश्वासन दिले जात आहे. न्हावी म्हणाला, "भाऊ, मान हालवू नोका." मी मान हलवली नव्हती, मी ऐकत होतो. घंटी वाजली. ती तुझी नव्हती. पुढे वर्षानुवर्षे, स्टाफरूममध्ये, एसटी स्टँडवर, परक्याच्या घरातल्या बंद खिडकीमागे, ती वाजत राहिली आणि दर वेळी ती तुझी नव्हती. या नव्या शाम्पूवाल्यांनी तर घंटीच काढून टाकली आहे. गाणे विरघळत जाते आणि मी काठावर उभा राहतो.

काल धाकटीच्या लेकीची हळद होती. हळदीआधी नवरीच्या केसांना तेल लावायचे असते, आणि तेलाची कटोरी धरायला मामा लागतो. माझ्या विद्वत्तेचा हा पहिलाच व्यावहारिक उपयोग. धाकटीने तुझी फणी जपून ठेवली आहे, हे मला ठाऊक नव्हते. तिने ती माझ्या हातात दिली. "दादा, गाणंवाल्याले मी सांगून ठेवलं हाय. मायचंच लावते तो. माहे हात केसात राह्यतीन. तू त्या जागेवर कटोरी वाजवजो."

"शास्त्रात असा विधी आढळत नाही," मी म्हणालो.

"शास्त्र गेलं तलावात. वाजवजो म्हणतो ना मी. तवापासून आयकलं नाही रे मी ते."

तेव्हा मला कळले की वाट पाहणारा मी एकटा नव्हतो. मी इतकी वर्षे ते माझे एकट्याचे वैभव समजत होतो.

गाणे सुरू झाले. धाकटी माझ्याकडे पाठ करून लेकीच्या केसांत तेल जिरवते आहे, लेक म्हणते आहे, "आई, ओढू नको ना!" माझ्या डाव्या हातात कटोरी, उजव्यात फणी. शेवटचा शब्द आला. टण्. धाकटीचे खांदे एकदम खाली आले, जसे ओझे उतरल्यावर येतात. न वळता ती म्हणाली, "वाजवली ना रे, दादा. अगदी तशीच." गाणंवाला पुढे अंतऱ्यात गेला, आमच्यापैकी कोणी ऐकले नाही.

मंडपामागे बाया भांडी घासत होत्या, हे नमूद करणे तर्कशास्त्राच्या दृष्टीने आवश्यक आहे. कटोरीतल्या तेलावर वलये उठली होती, पण कटोरी माझ्याकडूनच हलली असणार. हे पत्र मी तलावात सोडणार होतो. मग आठवले, कागद टाकला की तू ओरडायचीस, मासोळ्यायले त्रास होते म्हणून. तेव्हा ते माझ्यापाशीच राहील, आणि धाकटीला दाखवायचे नाही. ती काल फार दिवसांनी नीट झोपली. तिच्या 'वाजवली ना'ला मी 'हो' म्हणालो आहे.

फणी वरच होती, माय. मी खाली आणलीच नाही.