टॉवेल दातात धरून

४ मार्च
मुलाकडे परदेशात येऊन नऊ दिवस झाले. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. मुलाने इथल्या सार्वजनिक तलावाचा तीन महिन्यांचा पास काढून दिला. निश्चय : रोज सकाळी सातला हजर. चौतीस वर्षं ऑफिसात सुपरिंटेंडेंट होतो. खाडा हा शब्द माहीत नाही.

५ मार्च
गेलो. पोहलो नाही.
चेंजिंग रूममध्ये पंधरा-वीस पुरुष, कुणाच्याही अंगावर सूत नाही. एक जण आरामात दाढी करतोय. दोन म्हातारे कमरेवर हात ठेवून गप्पा मारतायत, बसस्टॉपवर उभे असल्यासारखे. मी बूट काढले, पुन्हा घातले, घरी आलो. सुनेला सांगितलं, तलावाचं पाणी बदलत होते. तेव्हा याला खाडा म्हणता येणार नाही.

६ मार्च
युक्ती सापडली. टॉवेल कमरेला, वरचं टोक दातात, बदलाबदली आतल्या आत. अकरा मिनिटं. मधेच शिंक आली. तपशील लिहीत नाही.
पोहण्याआधी साबणाने अंघोळ सक्तीची, तीही चड्डी काढून. भिंतीवर चित्र लावलंय : चड्डी आणि तिच्यावर लाल फुली. मी चड्डीवरच अंघोळ केली. शिट्टीवाला, म्हणजे तिथला देखरेख करणारा, आला आणि त्याने चित्राकडे बोट दाखवलं. मी मान हलवली आणि साबण लावत राहिलो. त्याने पाण्यात उतरू दिलं नाही. एका अर्थी मीच उतरलो नाही.

९ मार्च
हद्द झाली. पुरुषांच्या खोलीत फरशी पुसायला चक्क बाई! बादली घेऊन सरळ आत. एकानेही टॉवेल ओढला नाही, नुसते पाय उचलले. मी लॉकरच्या दारामागे. ते दार माझ्या मापाचं नाही. बाई काहीतरी बोलली, म्हातारे हसले. भाषा कळली नाही, पण माझ्या सभ्यतेचं कौतुक असावं.

१० मार्च
मॅनेजरला पत्र लिहिलं. सात मुद्दे. पडदे, आडोसे, बाईची वेळ वगैरे. या लोकांना कुणी सांगितलंच नसणार, म्हणून असं वागतात. सुनेने त्यांच्या भाषेत उतरवून दिलं. तिसऱ्या मुद्द्याला ओठ चावत होती. भारावली असावी.

१४ मार्च
पत्राची दखल घेतली गेली. मॅनेजरने मुलाला फोन केला.
तक्रार माझ्याविरुद्ध आहे. एक, विनाअंघोळ पाण्यात जायला बघतो. दोन, लोकांकडे टक लावून बघतो.
मुलगा म्हणाला, बाबा, इथे कपडे काढायची लाज नसते, बघायची असते. नागडं असणं म्हणजे काही नाही. कुणाच्या अंगाकडे बघत बसणं म्हणजे असभ्यपणा. मी म्हटलं, मी बघत नव्हतो, निरीक्षण करत होतो. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.
तोडगा निघाला. काही दिवस मुलगा माझ्याबरोबर येणार, तरच प्रवेश. त्याने ऑफिसातून सकाळची सुट्टी काढली. पत्राचा फायदाच झाला म्हणायचा. किती वर्षांनी बापलेक कुठे बरोबर जाणार! वाटेत त्याच्याशी करिअरबद्दल बोलेन म्हणतो.

१५ मार्च, सकाळी ९
वाटेत तो फोनवर होता.
आत गेल्यावर त्याने भराभर कपडे काढले. मी ठरवल्याप्रमाणे छताकडे बघत होतो. मग साबण मागायला वळलो.
डाव्या कुशीत पाठीपर्यंत गेलेला व्रण. वीतभर. टाक्यांच्या खुणा दोन्ही बाजूंना.
विचारलं, हे काय?
तो म्हणाला, ऑपरेशन झालं होतं. गाठ होती. डावी किडनी काढली. दोन वर्षं झाली, आता सगळे रिपोर्ट चांगले आहेत.
कुणाकुणाला माहीत आहे विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांना. आई तेव्हा दोन महिने येऊन राहिली ती त्यासाठीच.
सुनेला कामाचा ताण आहे म्हणून जाते, असं तेव्हा हिने मला सांगितलं होतं. मी आलो नव्हतो. सोसायटीची निवडणूक होती.
मला का नाही सांगितलं, विचारलं. माझा आवाज चढला असावा, म्हातारे वळून बघायला लागले. इथल्या रीतीप्रमाणे हेही असभ्यच. मुलगा हळू आवाजात म्हणाला, तुम्ही आधी डॉक्टरांशी भांडला असतात, मग आईशी. मग तुमचं बीपी वाढलं असतं आणि सगळे तुमच्याकडे धावले असते. मला तेवढी ताकद नव्हती, बाबा.
मग त्याने मला साबण दिला.

१५ मार्च, दुपार
मला काळजी नको, एवढाच त्यांचा हेतू. उघड आहे. मी फार हळवा आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

१५ मार्च, संध्याकाळ
हिला घरी, भारतात फोन केला. रागावणार नव्हतो, रागावलो. ती म्हणाली, हेच, ह्याचसाठी नाही सांगितलं. फोन ठेवला. मीही ठेवणारच होतो.

१६ मार्च
एका किडनीच्या माणसासाठी आहाराचं वेळापत्रक तयार केलं. चार पानं. मीठ, पाणी, झोप, सगळं तासावार. घरात जबाबदार माणूस हवाच. सुनेने शांतपणे वाचलं आणि म्हणाली, बाबा, आम्ही हे दोन वर्षं करतोय. शिवाय दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्यात. कोणत्या, ते मी विचारलं नाही.

१८ मार्च
निश्चय : मुलाशी सविस्तर बोलायचं. बोलायचे मुद्दे कागदावर काढायला बसलो.
१. तेव्हा दुखत होतं का?
पुढचा मुद्दा सुचला नाही.

२० मार्च
सकाळी तो आपणहून माझ्या खोलीत आला. बिछान्याच्या कडेला बसला, फोन उलटा ठेवला. म्हणाला, बाबा, तुम्हाला काही बोलायचंय का? आज मला घाई नाही.
कागद उशीखाली होता.
म्हटलं, हो, त्या तलावात क्लोरीन फार घालतात. डोळे चुरचुरतात नुसते.
त्याने फोन उचलून खिशात ठेवला. मग म्हणाला, पोहायचा चष्मा आणून देतो. आणि ऑफिसला गेला.
तलावाकडे मी पाच दिवसांत फिरकलेलो नाही.