मोकळ्या आहात का?

२ मार्च
आज वन्संकडे आले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडले आणि बरं वाटलं. वन्संचं प्रसूतिगृह छान आहे, स्वच्छ आहे. माझी खोली शेवटून दुसरी. लोखंडी खाट, पांढरी चादर, खिडकीतून वाळत घातलेली दुपटी दिसतात. वन्संनी स्वतः चहा आणून दिला. मग नर्ससमोर मला उभं करून, जुनी मोटार विकत घ्यायची असावी तसं न्याहाळलं. वय एकोणचाळीस, पहिलटकरीण, उंची बेताची, अंगाने जड. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही चांगल्याच रखडणार." नर्स हसली. मी चहा प्यायले. ह्यांचं माझ्यापाशी आता एवढंच उरलंय, पोटातलं. ते सुखरूप हाती आलं की पुरे.

५ मार्च
बाळंतपण लांबलं की चूक बाईचीच, असं वन्संचं मत. कोणी वयामुळे लांबवते, कोणी वजनामुळे, कोणी भीतीमुळे. घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावतात, हे त्या शिकल्या आहेत. म्हणून घाबरलेल्या बाईवर त्या जोरात ओरडतात. भीती घालवायचा हा इलाज मी प्रथमच पाहिला. ह्यांची बहीण, म्हणून गप्प बसते. गप्प बसणं मला जमतं.
भिंतीपलीकडे, शेवटच्या खोलीत, कोणीतरी सारखं कण्हत असतं.

८ मार्च
त्या खोलीला कुलूप आहे. आयाला विचारलं. म्हणाली, तिथे एक ठेंगणी, भेदरलेली मुलगी अडली होती. वन्सं तिला नखरेल म्हणाल्या आणि जेवायला गेल्या. परत आल्या तेव्हा मूल पोटातच राहिलं होतं आणि ती गेली होती. आयाच्या मते ती अजून अडलेलीच आहे. म्हणून इथे कामातून उसंत मिळाली तरी कोणी 'मी मोकळी आहे' म्हणत नाही. मोकळी म्हणजे बाळंत झालेली. ती ऐकते आणि खरं धरते.
आया पाच मुलांची आई, पण अक्कल बेताची. वन्सं जास्त बावळट की ही, ठरवणं कठीण आहे.

११ मार्च
दुपारी झबल्यांच्या घड्या घालत होते. दाराशी कोणीतरी विचारलं, "बाई, मोकळ्या आहात का?" आयाच वाटली. मान वर न करता म्हटलं, "हो, मोकळीच आहे."
मग खिडकीकडे लक्ष गेलं. आया अंगणात कपडे वाळत घालत होती.
कण्हणं थांबलंय.

१२ मार्च
बाळ हलत नाही. पोट सैल, सपाट. वन्संनी तपासलं, परत तपासलं. चेहरा पडला, पण तोंड चालूच. म्हणाल्या, तुम्ही फार घाबरता, म्हणून असं झालं. भीतीने पोटातलं मूल नाहीसं होतं म्हणे. हेही शिकल्या असतील कुठेतरी.
भिंतीपलीकडे बाळ रडतंय.

१३ मार्च
कुलूप नुसतंच लटकत होतं. ती आत बसली होती, मांडीवर माझं बाळ. हनुवटी ह्यांची — अगदी ह्यांची. मी विनवण्या केल्या. जन्मात एवढं बोलले नव्हते. शेवटी म्हणाली, "घ्या परत. पण पोटातच ठेवा. बाहेर आलं की माझं."
मी तिच्या खाटेवर आडवी झाले.

तारीख माहीत नाही
कळा — बाळ आत आहे. लाथा मारतंय. जिवंत आहे. ती पायथ्याशी दुपटं पसरून उभी —
दाराबाहेर वन्सं. कोणा नव्या नर्सला माझं वय सांगतायत, वजन सांगतायत. म्हणून लांबलं म्हणे. मूर्ख बाई. मी लांबवलंय — मी धरून ठेवलंय — दात आवळून —
परत कळ. लांबू दे. कितीही लांबू दे —
डोकं खाली सरकतंय — नको, राजा, नको — आत रा