पाटीवरची खालची ओळ

नवी पेठ, सोलापूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. बिरूस,
ताईचे अनेक आशीर्वाद. आज त्यांत राग जास्त आहे.

फोनवर नुसती ओरडले असते, म्हणून लिहिते. काल आईने नव्या घराच्या दाराचा व्हिडिओ पाठवला. पाटीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, की हे तुझ्या आप्पांचं नाव. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, की हे माझं, बिरूनं दावलं. बिरू, वर 'महिपती' आहे आणि खाली 'निवास'! आईला वाचता येत नाही, म्हणून तिच्या बोटाखाली काहीही सरकवायचं?

आप्पा गेल्यावर मेंढरं राखून तिने हे घर उभं केलं. माझ्या दुकानातली जुनी, बारीक करवतीची स्क्रोल सॉ मशीन मी तुला दोघांची नावं कापायला दिली होती. कारण कळव. बायकोवर ढकलू नकोस, ती माहेरी आहे.

तुझी,
ऋतुजाताई

मंगळवेढा
८ फेब्रुवारी

ती. ताईस,
बिरुदेवचा साष्टांग नमस्कार.

रागवायचा मक्ता काय तुझ्याकडंच हाय? आईचं नाव मी टाळलं न्हाय. दोनदा कापलं, दोनदा 'ज'पाशी तुटलं. तीन एमएमची सागाची पट्टी, पापडागत मोडती. वास्तुशांतीचे पाव्हणे दारात आलेले. 'निवास' सोपं, लगेच निघालं, तेच चिकटवलं. आईनं विचारलं, माझं कुठलं. तिच्या तोंडाकडं बघून बोट दावलं. खोटं बोललो, पण ती लई हसली की!

तुटके तुकडे पाठवतोय. तुझ्या मशीनचाच दोष हाय, बघ. राग निवला तर दोन ओळी लिही.

तुझा,
बिरू

नवी पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी

चि. बिरूस,
आशीर्वाद उधार.

तुकडे पाहिले. कडा जळून काळ्या पडल्यात, म्हणजे मशीनचा स्पीड पुरता वाढवलास. खालून ढलप्या निघाल्यात, म्हणजे मोठ्या दातांचं ब्लेड लावलंस आणि पट्टीखाली टाकाऊ प्लायही चिकटवली नाहीस. पातळ लाकडाला बारीक दात, कमी स्पीड आणि सावकाश हात. शेजारी बसवून शिकवलं होतं तुला. आप्पांचं नाव व्हिडिओतसुद्धा गुळगुळीत दिसतं. म्हणजे तुला येतं. सगळी घाई नेमकी आईच्या वाट्याला आली!

तिचं नाव मी कापलंय. बारीक ब्लेडच्या पुडीसोबत एसटीने पाठवते. तिच्या हातात दे आणि पाटीवर काय लिहिलंय ते तुझ्या तोंडाने सांग. त्याआधी माझ्याकडे माया मागू नकोस.

ऋतुजा

मंगळवेढा
१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

सांगितलं. आईनं तू कापलेलं नाव हातात घेतलं, 'ज'च्या वळणावरनं बोट फिरवलं. मग दारात जाऊन खालच्या ओळीवर तसंच फिरवलं. मला वाटलं, रडंल. तिनं मेंढरं हाकायची काठी आणली आणि पाटी खाली पाडली. म्हणाली, पाव्हण्यांना मी बोट लावून दावत हुते, वाचणारी सगळी पोटात हसली असतील. कुणाकुणाला दावलं, त्यांची नावं घेत बसली. मला खाली बघावं लागलं.

तू कापलेलं नाव दाराला लावू म्हटलं, तर देईना. ते तिनं लुगड्याच्या घडीत ठेवलंय. दारावरचं बिरूनंच कापायचं, म्हणती.

बारीक ब्लेड लावलंय, खाली प्लाय चिकटवलीय. आई मशीनला खेटून बसलीय, स्पीडच्या बटणावर तिचा हात हाय. मला हात लावू देत न्हाय. दोनदा म्हटलं, आई, जरा वाढव. तिनं आणखीच कमी केला.

लोभ तुझ्यापाशीच ठेव. 'ज' अखंड निघाला, की मागीन.

बिरू